प्रेमातला लांडगा असा बसत नाही

नागमणीअक्का आमच्या वाचनालयात पाच वर्षं आली आणि पाच वर्षांत एकदाही खुर्चीवर बसली नाही. खुर्च्या होत्या. दोन-चार डुगडुगत्या सोडल्या तर बऱ्याही होत्या. पण ती पुस्तक उघडायची ते उभ्यानंच, आणि दोन पानं झाली की चालायला लागायची. कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून माझ्या टेबलापर्यंत. पेपर वाचायला आलेली पेन्शनर मंडळी वैतागायची. मीही वैतागायचे, कारण माझं डोकं तसं लवकर फिरतं. समोर कुणी येरझाऱ्या घालायला लागलं की मला रजिस्टरमधली ओळ सापडत नाही.

"अक्का, बसा ना जरा," मी म्हणायचे.

"दिवसभर बसतेच की, म्याडम. मान खाली घालून बसते. हितं तरी पायाला मोकळं सोडा."

दिवसभर ती बसायची ते चादरीच्या कारखान्यात. चादरीवर जो मोर येतो, जे कमळ येतं, ते आधी कुणीतरी कागदावर काढावं लागतं. बारीक चौकटींचा ग्राफ असतो, त्यातली एकेक चौकट रंगवायची. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढवतात, आणि भोकं सांगतील तसा धागा वर-खाली होतो. अक्का हे ग्राफ रंगवायची, एकतीस वर्षं. नवरा त्याच कारखान्यात विणकर होता, तो गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती. मुलगा हैदराबादला कंपनीत. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू, शाळा सातवीपर्यंत तीही तेलुगूतून. मराठी वाचायला ती शिकली दुकानांच्या पाट्यांवरून आणि मालकाच्या चिठ्ठ्यांवरून. त्या चिठ्ठ्यांत 'लाल कमी, काठ रुंद' यापलीकडे काही नसायचं, पण तेवढ्यावर तिनं अक्षरं पकडली.

पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं मागणी नोंदवली ती अशी: "ज्यात चित्रं हायेत आन कुणी मरत न्हाय असं एक द्या."

मी तिला बालविभाग दाखवला. दहा मिनिटांत परत.

"हे ल्हान पोरांचं हाय. ह्यात कोन कुनाला जीव लावत न्हाय."

आता चित्रांचं, कुणी न मरणारं आणि शिवाय जीव लावणारं पुस्तक मी कुठून आणू? मी काहीतरी पुटपुटले आणि कामाला लागले. ती फिरत राहिली. फिरता फिरता तिचा पाय माझ्या टेबलाखालच्या खोक्याला अडकला.

ते खोकं मी मुद्दामच तिथं ढकललं होतं. जुळे सोलापूरच्या एका मुलीनं पुण्याला नोकरीवर जाताना आपली दोन खोकी पुस्तकं वाचनालयाला दिली होती. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, सगळी रंगीत चित्रांची. सगळी प्रेमाची आणि सगळी ह्या जगाबाहेरची. चहाचं दुकान चालवणारी चेटकीण आणि तिच्यावर भाळलेला भुतांचा राजपुत्र. शिंक आली की कोंबडा होणारा सरदार. ढगावर राहणारी मुलगी आणि खालून तिला ओरडून निरोप देणारा धोबी. ग्रंथपाल म्हणून माझी काही इभ्रत आहे असं मला तेव्हा वाटायचं. असली पुस्तकं कपाटात लावायची म्हणजे लोक काय म्हणतील, या विचारानं मी ती महिनाभर दडवून ठेवली होती. अक्कानं खोकं उघडलं, चेटकीण उचलली आणि चालायला लागली. मला विचारलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी पुस्तक परत आलं. आत ग्राफच्या कागदाची एक पट्टी होती. मला वाटलं खूण म्हणून घातली असेल. काढून टाकणार, तर त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत बसवलेलं.

'चेटकीन चांगली. कष्टाळू. राजपुत्र दिसाय बरा पन त्याचा कामधंदा काय ते शेवटपर्यंत कळलं न्हाय. पान एकोणचाळीसवर तिच्या झग्याला सात बटनं. चाळीसवर पाच. दोन कुटं गेली?'

मी एकोणचाळिसावं पान उघडलं. सात. चाळिसावं उघडलं. पाच. मग बटणं कुठं गेली हे बघायला एकेचाळिसावं उघडलं आणि दुपारच्या डब्याची वेळ टळून गेली तरी वाचतच राहिले. असली पुस्तकं मी वाचायला लागले ती अशी. त्याबद्दल आज मला कसलीही लाज नाही.

पुढं प्रत्येक पुस्तकातून पट्टी यायला लागली. 'सरदार कोंबडा झाला तरी ती त्याला वळखते. हितं मी रडले. कोंबडा लई मन लावून काढलाय.' दुसऱ्या एकात: 'ह्यात समदी नुसती बोलतात. दोनशे पानं झाली, जेवत कोनच न्हाय.' ढगावरच्या मुलीच्या पुस्तकात: 'चुंबनाचं चित्र पानभर काढायची गरज नव्हती. आदीचं हात धरलेलं बघा. समदं तितंच झालंय.' मी ते हात धरलेलं चित्र बघितलं. खरंच होतं. मी पट्ट्या काढल्या नाहीत, तशाच ठेवल्या. हळूहळू कॉलेजच्या मुली येऊन विचारायला लागल्या, "मॅडम, अक्कांची चिठ्ठी असलेलं आहे का एखादं?"

इंग्रजी पुस्तकं ती चित्रांवरून वाचायची. अडायची नाही. एकदा अशाच एका पुस्तकाची गोष्ट तिनं मला उभ्या उभ्या सांगितली. जंगलात राहणारी वैद्य मुलगी, तिच्या दारात येऊन बसणारा दुष्ट लांडगा, आणि शेवटी तिनं त्याला औषध देऊन केलेला भोळा. मला आवडली. तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक मुलगी हसायला लागली. तिनं ते पुस्तक वाचलं होतं. "अहो अक्का, लांडगा दुष्ट नाहीये. तोच हिरो आहे! पहिल्या पानापासून तिच्या प्रेमात आहे तो."

अक्कानं पुस्तक हिसकावल्यासारखं घेतलं, लांडग्याचं पान उघडलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"मंग चित्र चुकलंय," ती म्हणाली. "बघ की त्याचं बसनं. पुढचे पाय आवळलेले, कान मागं. हा झडप घालाय बसलाय. प्रेमातला लांडगा असा बसत न्हाय."

"मग कसा बसतो?" मुलीनं विचारलं.

अक्कानं माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली, वर्तमानपत्राच्या कडेला चार रेघा ओढल्या. एक लांडगा झाला. बसला होता, पण उठू की नको अशा बेतात, एक पाय उगाच उचललेला. मुलीनं कागद स्वतःकडे वळवून घेतला. त्या नखाएवढ्या लांडग्याकडे बघून मलाच कसंसं झालं. ते वर्तमानपत्र मी जपून ठेवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी रद्दीत गेलं.

आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक यायचे. गृहस्थ चांगले, पण उपदेश केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. एकदा त्यांनी अक्काला गाठलं. "बाई, या वयात हे पऱ्याबिऱ्या काय वाचता? जीवनाला भिडणारं काही वाचा."

"सर, जीवन मला रोज सकाळी आठला भिडतंय," अक्का म्हणाली. "सुटल्यावर हितं येते."

मला हसू आवरेना. प्राध्यापकांना राग आला असावा. पण अक्कानं त्यांना तसंच सोडलं नाही, कोंबड्याचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "शेपटीची पिसं मोजा. कंटाळा केलेला न्हाय मानसानं." त्यांनी चष्मा वर करून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कोंबडा बरा आहे." एवढी स्तुती त्यांनी कुठल्या कादंबरीचीही केल्याचं मला आठवत नाही.

मग एका संध्याकाळी ती चालता चालता थांबली. खिडकीपाशी, पुस्तक मिटून, नुसती मुखपृष्ठाकडे बघत. ती थांबली की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, म्हणून मी मान वर केली.

"म्याडम, हे दोन नावं का हायेत?"

"वरचं लिहिणाऱ्याचं. खालचं चित्रं काढणाऱ्याचं."

"चित्रं काढनाऱ्याचं?" ती म्हणाली. "भायेर? एवढ्या मोट्या अक्षरात?"

तिनं दोन्ही खोक्यांतली सगळी पुस्तकं काढून टेबलावर मांडली आणि एकेका मुखपृष्ठावरून बोट फिरवत गेली. जवळजवळ सगळ्यांवर होतं. ती गेली तेव्हा तिनं कुठलंच पुस्तक नेलं नाही.

दोन दिवसांनी आली आणि माझ्यासमोर उभी राहून एका दमात बोलली. "एकतीस वर्सं मी मोर काढला, कमळ काढलं, रथ काढला. समदं मालक सांगंल तसं. लोक माझी चित्रं पांघरून झोपतात, बाळंतिनी पांघरतात, दवाखान्यात पांघरतात. कोन काढलं कुनाला म्हाईत न्हाय, आन मला बी कधी वाटलं न्हाय कळावं म्हनून. आता वाटतंय. एक चादर पायजे, म्याडम. माझ्या मनातल्या चित्राची, माझ्या नावाची. एकच."

तिच्याकडे वेळ थोडा होता. मालकाचा पुतण्या संगणकावर डिझाइन शिकून आला होता. नवीन यंत्रं यायची होती, आणि दिवाळीनंतर जुने माग भंगारात जाणार होते. त्यांच्याबरोबर ग्राफही जाणार आणि ग्राफ रंगवणारीही. अक्कानं मालकाकडे एक चादर विणून मागितली. मालक आधी हसला, मग म्हणाला, "एक नग. सुट्टीच्या दिवशी. मागावर माणूस तू बघ."

चित्र तिनं मला बोटांनी हवेत काढून दाखवलं. ढगावर उभी मुलगी. शेजारी तिची पंखांची शेळी. मुलीचा हात पुढं. समोरून, दुसऱ्या ढगावरून, एक मुलगा. त्याचाही हात पुढं. हात अजून लागलेले नाहीत, मधे बोटभर जागा.

"शेळी का? त्या पुस्तकांत तर ड्रॅगन असतात."

"ड्रॅगन मी बगितला न्हाय. शेळी बगितलीय."

ते दीड-दोन महिने तिनं काही वाचलं नाही. यायची, कपाट ते खिडकी फिरायची, मधेच थांबून मला विचारायची, "जीव लावलेल्या पोरीचं तोंड उगडं असतं का मिटलेलं?" मी तिशीत लग्न ठरवून केलेली बाई, मूळची माढ्याकडची. मला काय ठाऊक? तरी सांगायचे काहीतरी. तिची तगमग बघून मला भीती वाटायला लागली होती. एवढी आस एका चादरीवर ठेवू नये असं तिला सांगावंसं वाटायचं, आणि सांगवत नव्हतं.

एकदा मी विचारलं, "आणि नाव कुठं येणार?"

"नाव मागावर घेता येत न्हाय," ती म्हणाली. आणि तेव्हा मला कळलं की ती आयुष्यभर अर्धीच चित्रं काढत आली होती. त्या जुन्या मागाची रीतच तशी. डाव्या अर्ध्या चादरीचा ग्राफ करायचा, माग तेच उलटं करून उजवीकडे विणतो. "अर्धा मोर मी काढते, अर्धा माग काढतो. दोन झाले की समोरासमोर उभे ऱ्हातात. पन अक्षरं घातली की एका बाजूला उलटी येतात. म्हनून नाव मागनं सुईनं घालीन."

नावाचं तिनं इतकं बारकाईनं बघितलं होतं. मी तिथंच बसले होते, मीही ऐकलं, मान डोलावली. पुढची गोष्ट आम्हां दोघींच्याही डोक्यात आली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले. बाकीचे माग बंद, एकच चालू. मल्लेश नावाचा विणकर अक्काच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, तो हौसेनं आला होता. अक्का नवं लुगडं नेसून आली होती. हातात एक गुंडाळी होती कागदाची. खालून चादर वर यायला लागली. इकडे ढग, तिकडे ढग. इकडे शेळीचे पाय, तिकडे शेळीचे पाय. मला वाटलं, मुलालाही शेळी दिली वाटतं, छान. मग इकडे पैंजण आले. तिकडेही आले. इकडे परकराचा घेर, तिकडे परकराचा घेर.

मल्लेशनं माग थांबवला. कानठळ्या बसवणारा तो आवाज एकदम गेला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "दोन्हीकडं पोरगीच येतीय की. पोरगा कुटंय?"

पोरगा अक्काच्या हातात होता. मुलीचा एक ग्राफ आणि मुलाचा एक, असे दोन ग्राफ तिनं रंगवले होते, जन्मात पहिल्यांदा दोन. आणि पुठ्ठ्यांना भोकं पाडायला नेहमीच्या सवयीनं एकच दिला होता. दुसरा दिला असता तरी उपयोग नव्हता. त्या मागावर दुसरा अर्धा भाग वेगळा येऊच शकत नाही. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. अक्काला तर एकतीस वर्षं माहीत होतं. पण त्या पुस्तकांत डाव्या पानावर ती असते आणि उजव्या पानावर तो असतो, आणि तिच्या मनानं चादरीचंही तसंच धरलं.

आवाज थांबलेला ऐकून मालक खाली आला. बघितलं आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "नागमणी, अगं तूच इसरलीस व्हय? काढ, कापून टाक. वाया कशाला घालवायचं सूत."

अक्का वळली. बंद मागांच्या मधून चालायला लागली. एका ओळीतून गेली, दुसऱ्या ओळीतून आली. मुलाची गुंडाळी छातीशी. तीन फेऱ्या झाल्या असतील. मला रडू यायला लागलं होतं, आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मग ती मागापाशी आली.

"मल्लेश, पुरी कर."

"अगं, दोन पोरी?" मालक म्हणाला. "लोक हसतील."

"हसू द्या. निम्मी सोडलेली कुनाला दाखवू?"

मल्लेशनं माग सुरू केला. दोघी वर वर येत गेल्या. हात आले. मधे बोटभर जागा, अगदी तिनं हवेत दाखवली होती तेवढी. मग तोंडं आली. तोंड जमलं होतं. काय बोलावं ते ओठावर आलंय आणि निघत नाही, असं. इकडे तसं आणि तिकडेही तसंच. त्या खोक्यांतल्या सगळ्या पुस्तकांत एक जण दुसऱ्यापेक्षा जास्त अधीर असतो. इथं दोघी सारख्याच अधीर होत्या.

"सुंदर झालीय, अक्का," मी म्हणाले.

"खोटं बोलू नका, म्याडम. तुमाला जमत न्हाय."

मी खोटं बोलत नव्हते. पण ते तिला पटवता आलं नाही.

दिवाळी झाली. माग गेले. अक्का एकदाच वाचनालयात आली, राहिलेलं पुस्तक द्यायला. आत पट्टी नव्हती. मुलगा हैदराबादला घेऊन जाणार होता. मी विचारलं, "चादरीवर नाव घातलं का?"

"चुकीवर कोन नाव घालतं?" ती म्हणाली आणि निघून गेली.

ती जायच्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले. शेंगाचटणीचा डबा नेला होता, ते निमित्त. अक्का सामानापाशी उभी होती. तिच्या मिक्सरला तीच चादर गुंडाळून वर दोरी आवळली होती. ते बघून मला वाईट वाटलं. शेजारी मंद्रूपकडची वाटणारी एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन थांबली होती. पोरानं चादरीवरचं काहीतरी धरलं आणि सोडेना.

"शेळी व्हय रं? पंखाची शेळी?" बाई हसली, खाली बसली आणि चादरीची घडी जरा बाजूला करून बघायला लागली. "मावशी, लई भारी हाय की. कुटं मिळाली? ह्या दोघी बहिणी व्हय?"

"कारखान्यातली हाय," अक्का म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

गाडी लागली. मुलानं सामान चढवलं, "अम्मा, चल" म्हणून हाक मारली. अक्का माझ्या हातावर हात ठेवून चढली. गाडी मागं सरकायला लागली. मी हात हलवत होते. एवढ्यात खिडकीची काच खाडकन सरकली आणि अक्का अर्धी बाहेर आली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"ए पोरी!" ती त्या बाईला ओरडली. "मिळाली न्हाय ती! मी काढलीय! नागमणी! नागमणी नाव माझं!"

सगळं स्टँड बघायला लागलं. आतून मुलगा तिला ओढत असावा.

"आन बहिणी न्हायेत त्या!" ती ओरडली. पुढंही काहीतरी ओरडत होती, हात करून सांगत होती, पण गाडीनं वळण घेतलं आणि कंडक्टरच्या शिट्टीत ते गेलं.

ती बाई पोराला सावरत माझ्याकडे वळली. "बहिणी न्हायेत, तर मंग कोन हायेत वो त्या?"

मला माहीत नव्हतं.

"चित्र नागमणीअक्कांचं आहे," मी म्हणाले. "त्यांनाच माहीत."